वीरगळाचा त्रिमितीय आकार छायाचित्रांतून काढताना या चुका टाळा

खानापूर तालुक्यातील गावांच्या वेशीवर, देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवलेले वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मरणार्थ कोरलेल्या शिळा, आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. छायाचित्रांवरून त्यांचा त्रिमितीय आकार काढणारी सॉफ्टवेअरे आता घरच्या संगणकावरही चालतात. मात्र आकारात दिसणारे बहुतेक दोष छायाचित्रे घेतानाच पदरात पडलेले असतात आणि ते नंतर निस्तरता येत नाहीत.

माझी पहिली चूक अशीच होती. वीरगळासमोर ट्रायपॉड रोवून मी कॅमेरा डावीकडून उजवीकडे वळवत चाळीस छायाचित्रे घेतली, आणि घरी आल्यावर त्यांतून आकार म्हणून काहीच निघाले नाही. कॅमेरा वळवला होता, पण जागचा हलवला नव्हता. बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून जवळची झाडे झपाट्याने मागे जातात आणि लांबचा येळ्ळूरचा गड बराच वेळ सोबत राहतो. हा फरक, म्हणजे पराशय किंवा पॅरॅलॅक्स, गाडी पुढे सरकते म्हणून दिसतो, आपण मान वळवतो म्हणून नव्हे.

किती सरकायचे, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. ५० मिलिमीटरची लेन्स, संवेदकावरचा (कॅमेऱ्यातील सेन्सरवरचा) पिक्सेल ६ मायक्रॉनचा आणि दगड दोन मीटरवर असेल, तर दोन छायाचित्रांतील अंतर २० सेंटिमीटर ठेवल्यास अर्ध्या पिक्सेलच्या चुकीमुळे खोलीत सुमारे १.२ मिलिमीटरची चूक येते. तेच अंतर २ सेंटिमीटर ठेवले, तर चूक १२ मिलिमीटरवर जाते आणि दोन-तीन सेंटिमीटर उठावाचे कोरीवकाम जवळजवळ त्यातच बुडते. चूक दगडापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून चार मीटरवर उभे राहिल्यास ती चौपट होते. उलट, एकदम फार सरकले तर सॉफ्टवेअरला एकाच ठिकाणाचे दोन चित्रांतले बिंदू जुळवता येत नाहीत. लगतच्या चित्रांत दोन तृतीयांश भाग सामाईक राहील इतपतच सरकावे.

शिळेला समांतर चालत, सगळी छायाचित्रे समोरूनच घेतली, तर सपाट शिळा मध्यभागी फुगलेली किंवा खचलेली दिसू शकते. लेन्समुळे चित्रात येणारी वक्रता आणि वस्तूची वक्रता अशा वेळी सॉफ्टवेअरला वेगळी ओळखता येत नाही. दोन्ही बाजूंनी तिरकी अशी काही छायाचित्रे घेतल्यास हा दोष बराच कमी होतो. मोजपट्टी चौकटीत ठेवायला विसरू नये. नुसत्या चित्रांवरून आकार कळतो, माप कळत नाही.

पृष्ठभागाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. गावकरी वीरगळाला तेल लावतात, आणि तेलावरची चकाकी कॅमेऱ्याबरोबर सरकत असल्याने दगडावर खड्डे आणि उंचवटे दिसू लागतात. बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ सालच्या कमल बस्ती या जैन मंदिराचे गुळगुळीत, गोल खांब तर दुहेरी अडचण करतात: ते चकाकतात आणि कोणत्याही बाजूने सारखेच दिसतात. ढगाळ दिवस उत्तम, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात ओला दगडही तेलासारखाच चमकतो. तो सुकेपर्यंत थांबावे.

झिजलेल्या अक्षरांसाठी धूसरपणावरून खोली काढणे सोयीचे पडते. ही पद्धत पराशयाहून वेगळी वाटते, पण भूमिती तीच आहे. लेन्सच्या दोन कडांमधून येणारे किरण वस्तूला दोन ठिकाणांहून पाहतात आणि संवेदकावर एका बिंदूत मिळाले नाहीत, की तोच पराशय धूसर ठिपका होऊन उमटतो. त्यामुळे येथे सरकण्याचे अंतर लेन्सच्या छिद्राएवढेच असते: ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/२ वर २५ मिलिमीटर, मोबाइलला जेमतेम दोन ते चार. दोन मीटरवरून मोबाइलने धूसरपणा मोजण्याचा खटाटोप म्हणूनच व्यर्थ आहे. पोर्ट्रेट मोड तर मुळीच वापरू नये, कारण त्यातील धूसरपणा सॉफ्टवेअरने मागाहून रंगवलेला असतो. तो मोजला तर दगडाऐवजी मोबाइलचा अंदाज हाती येतो.

एकाच चित्रावरून निष्कर्ष काढणे हीदेखील चूकच. फोकसच्या प्रतलापुढचा बिंदू आणि मागचा बिंदू सारखेच धूसर दिसू शकतात. फोकस बदलून घेतलेले दुसरे चित्र शेजारी ठेवले की हा संभ्रम मिटतो. फोकस बदलताना प्रतिमा किंचित लहान-मोठी होते, म्हणून तुलना करण्याआधी दोन्ही चित्रे एकमेकांवर नीट बसवून घ्यावीत. पराशयासाठीच्या छायाचित्रांना मात्र नेमके उलटे लागते: छिद्र लहान, फोकस एकदा जुळवून कायम केलेला, ऑटोफोकस बंद. दोन्ही कामे एकाच संचात उरकण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे आणि प्रत्येक वेळी दोन्ही कामे बिघडली आहेत.

चुना फासलेल्या किंवा अगदी एकरंगी दगडावर स्पष्ट आणि धूसर यांत फरकच उरत नाही. अशा ठिकाणी खडूची भुकटी चोळण्याची जुनी सवय सोडावी, कारण ती अक्षरांच्या खाचांत बसते. संध्याकाळी छोट्या प्रोजेक्टरने दगडावर बारीक ठिपक्यांची नक्षी पाडावी आणि धूसरपणाच्या या पद्धतीत सगळी चित्रे होईपर्यंत कॅमेरा आणि प्रोजेक्टर दोन्ही जागचे हलू देऊ नयेत.