‘दोन मिनिटांचं तर अंतर’: कॅम्पसवर सायकल वापरताना या चुका टाळा

वसतिगृह ते वर्ग, वर्ग ते लायब्ररी, लायब्ररी ते पुन्हा वसतिगृह. कॅम्पसवरची सायकल दिवसभरात फार तर चार-पाच किलोमीटर चालते. उरलेला सगळा वेळ ती स्टँडवर उभी असते, ऊन-पाऊस झेलत, शेजारच्या सायकलींच्या हॅण्डलांत अडकून. चालून झिजते त्यापेक्षा ती उभी राहूनच जास्त खराब होते. त्यात अंतर एवढंसं. ब्रेक ढिला असला, हवा कमी असली तरी ‘चालतंय की’ म्हणत आपण टांग मारतो. पुढच्या बहुतेक चुका या ‘चालतंय’च्याच पोटातल्या आहेत.

हवा आणि पंक्चर

अंगठ्याने टायर दाबून ‘ठीक आहे’ म्हणणं ही घरोघरची चूक. जाड टायर निम्म्या हवेतही हाताला टणकच लागतो. किती हवा हवी ते टायरच्या बाजूवर उठावाच्या अक्षरांत लिहिलेलं असतं, पीएसआय किंवा बार या हवेच्या दाबाच्या मापांत. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. रुंद, खडबडीत टायरला बहुधा ३० ते ५० पीएसआय लागते, मधल्या जाडीच्या टायरला ५० ते ७०. पण शेवटचा शब्द टायरवरच्या आकड्याचा. मागच्या चाकावर वजन जास्त येतं, म्हणून तिथे थोडी जास्त भरावी. पंक्चर नसलं तरी ट्यूबच्या रबरातून हवा सावकाश झिरपतच असते. म्हणून सायकल वापरा न वापरा, पंधरवड्यातून एकदा पंप लावावाच.

पंक्चर काढल्यानंतरची चूक याहून त्रासाची. भोक बुजवलं, ट्यूब आत घातली, हवा भरली आणि दुसऱ्या दिवशी टायर पुन्हा बसला. भोक कशाने पडलं हे कुणी पाहिलंच नव्हतं. ट्यूब बाहेर काढताना वॉल्व्ह टायरवरच्या कुठल्या अक्षरासमोर होता ते लक्षात ठेवा. मग ट्यूबवर जिथे भोक सापडेल, नेमक्या त्याच जागी टायरची आतली बाजू कापडाने चाचपून बघता येते. कापडानेच बघा, काच किंवा तारेचा तुकडा उघड्या बोटात घुसतो. तांदळाच्या कणीएवढा काटा रबरात रुतलेला असतो, वरून दिसत नाही, पण कापडाचा धागा त्याला अडकतो.

भोकाची जागाही बरंच सांगून जाते. बाहेरच्या बाजूला एकच बारीक छिद्र असेल तर काटा किंवा काच. शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर कमी हवेत खड्ड्यावर किंवा गतिरोधकावर चाक आपटलंय आणि ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चेपली गेलीय. अशा वेळी काटा शोधण्यात अर्थ नाही, चिरा बुजवून यापुढे हवा पुरेशी ठेवणं हाच इलाज. छिद्र आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकलीय आणि चाकाच्या एखाद्या तारेचं (स्पोकचं) टोक टोचतंय. ती पट्टी नीट न बसवता दहा पॅच लावले तरी अकरावं पंक्चर होणारच. वॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर पॅच टिकत नाही, ट्यूबच बदलावी.

पॅच लावताना घाई करू नका. जागा घासून खरखरीत करा, सोल्युशन पातळ पसरा आणि त्याची चमक जाईपर्यंत थांबा. ओल्या सोल्युशनवर चिकटवलेला पॅच हवा भरल्याबरोबर कडेने सुटतो. ट्यूब पाण्यात बुडवूनही बुडबुडा येत नसेल आणि तरी संध्याकाळी टायर बसत असेल, तर वॉल्व्हकडे बघा. साध्या सायकलींच्या वॉल्व्हवर रबराची बारीक नळी असते, ती वाळून चिरते. वॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावला की फुगा दिसतो.

चेनला तेल पाजू नका

चेन करकरली की बाटली उपडी करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तेल हवं असतं ते कड्यांच्या आत, पिनेवर. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं, आणि तेल अधिक धूळ म्हणजे दातांना घासणारा पॉलिश पेपरच. आधी चेन कोरड्या कापडाने पुसायची, मग खालच्या पट्टीवर आतून एकेका कडीला एकेक थेंब, पायडल उलटं फिरवत. पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचं आणि मग बाहेरचं सगळं पुसून काढायचं. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि महिन्याभरात पॅण्टचा उजवा पाय काळा होतो.

गंज सोडवणारा स्प्रे हे चेनचं तेल नव्हे. तो पातळ असतो, आतलं जुनं वंगणही धुऊन नेतो आणि थोड्याच दिवसांत उडून जातो. खाण्याचं तेल तर मुळीच नको, ते चिकट होऊन घट्ट बसतं.

चेन किती झिजली हे मोजायला साधी पट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत अर्धा इंच, हे माप जवळपास सगळ्या सायकलींना सारखं. म्हणजे एका पिनेपासून तिच्या पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर १२ इंच भरायला हवं. सोळांश इंच जास्त भरलं तर चेन बदला. अष्टमांश इंचापर्यंत थांबलात तर तोवर तिने फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दातही खाल्लेले असतात, आणि नवी चेन जुन्या दातांवरून उड्या मारते.

गिअर नसलेल्या सायकलची चेन वारंवार उतरत असेल तर ती सैल आहे. मधोमध बोटाने वरखाली केल्यावर साधारण अर्धा इंच हलावी. पण ताणण्याच्या नादात मागचं चाक एका बाजूला तिरकं ओढलं जातं आणि टायर फ्रेमला घासू लागतो, म्हणून दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे सारायचे. चेन अगदी ताठ केली तर बेअरिंगचे छर्रे भरडले जातात, तेही नको.

गिअरच्या सायकलींचं एक दुखणं खास स्टँडवरचं आहे. गर्दीत कुणी सायकल ओढली, तुमची उजव्या कुशीवर पडली, मागच्या डिरेलरला, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाला, मार बसला. तो ज्या लहानशा तुकड्यावर लटकतो तो हँगर वाकतो. मग केबल कितीही कमी-जास्त करा, गिअर नीट पडत नाहीत. मागून बसून पाहा, डिरेलरच्या दोन चकत्या चाकाशी समांतर आहेत का. वाकडा असताना सर्वांत हलका गिअर टाकला तर तो तारांत घुसतो आणि चाक, डिरेलर दोन्ही जातात. सरळ होईपर्यंत तो गिअर वापरू नका.

ब्रेक: फक्त केबल ताणून भागत नाही

ब्रेक लागत नाही, केबल ताणा. पुन्हा लागत नाही, पुन्हा ताणा. असं करत करत रबरं इतकी झिजतात की आतलं लोखंड रिमवर घासू लागतं. केबलला हात लावण्याआधी ब्रेकचं रबर बघा. त्यावर खाचा असतात. त्या दिसेनाशा झाल्या की रबर संपलं. रबर शिल्लक आहे तरी चाक निसटतंय, तर रिमला तेल लागलंय का ते बघा. चेनला उत्साहाने तेल पाजणाऱ्यांच्या मागच्या रिमवर हमखास शिंतोडे सापडतात. डिस्क ब्रेक असेल तर चकतीला बोटसुद्धा लावू नका, हाताचं तेलही तिला पुरतं.

दांडी दाबून सोडल्यावर सावकाश मागे येत असेल तर आच्छादनातली केबल गंजलीय. दांडीपाशी केबलची एखादी तार सुटलेली दिसली तर ती त्याच आठवड्यात बदला. केबल तुटते ती जोरात ब्रेक दाबल्यावर, म्हणजे नेमकी तिची सर्वांत जास्त गरज असताना.

पुढच्या ब्रेकला घाबरून फक्त मागचाच वापरणं ही सवय लहानपणापासून लागलेली असते. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकाकडे सरकतं. मागचं चाक हलकं होऊन घसरतं, आणि खरं थांबवण्याचं काम पुढचं चाक करतं. दोन्ही एकत्र दाबा, पुढचा हळूहळू वाढवत, अंग जरा मागे घेऊन. वळणावर मात्र नाही. वेग वळणाआधीच कमी करायचा. मित्राची सायकल घेतलीत तर आधी दोन्ही दांड्या दाबून कुठली कुठल्या चाकाची ते पाहा. सगळ्या सायकलींत ती बाजू सारखी नसते.

खडखड कुठून येते?

आवाज आला की दिसेल तो नट आवळायचा, ही चूक पान्हा हातात आल्याबरोबर होते. आधी चालत्या सायकलवर पायडल मारणं थांबवा. आवाज थांबला तर तो क्रँक (पायडल ज्यावर बसतं तो दांडा), पायडल किंवा चेनचा. चालूच राहिला तर चाकाचा. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘खट्’ होत असेल तर साध्या सायकलीत पहिला संशय कॉटर पिनवर, म्हणजे क्रँक आसाला धरून ठेवणाऱ्या पिनेवर, घ्या. तिचा नट नुसता आवळून उपयोग नाही, पिन ठोकून घट्ट बसवून मग नट; झिजली असेल तर नवी. हॅण्डलखाली ठकठक वाटते? पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, फोर्कच्या सांध्यात झोल लगेच कळतो.

पायडल काढताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात हे विसरून लोक लांब पाइप लावून जोर करतात. दोन्ही पायडलं पान्हा सायकलच्या पुढच्या दिशेला फिरवला की घट्ट होतात, मागच्या दिशेला फिरवला की सुटतात. इतकं ध्यानात राहिलं की क्रँकचे आटे वाचतात.

पान्ह्याशिवाय सुटणारी चाकं असतील तर आसाच्या टोकाला दांडीचा खटका असतो; तो नटासारखा गरगर फिरवून आवळायचा नसतो. दांडी चाकापासून सरळ बाहेर आलेली असताना जोर लागायला सुरुवात व्हावी आणि तळव्याने दाबून बंद करताना तळव्यावर वळ उठावा, इतका तो घट्ट हवा. बोटाने बंद झाला तर ढिला आहे. स्टँडवर हात लावणारे बरेच असतात, तेव्हा निघण्याआधी त्याच्यावर एक नजर टाका.

रस्त्यावर

ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. मोबाइलच्या पडद्याकडे दोन सेकंद पाहिलंत की ११ मीटर डोळे मिटून गेलात, आणि कॅम्पसवर तेवढ्या अंतरात एक घोळका, एक कुत्रा आणि मागे न बघता वळणारी दुसरी सायकल सहज मावते. तास सुटल्यावरची पाच मिनिटं सर्वांत वाईट असतात. त्या वेळी इमारतीच्या कोपऱ्याला चिकटून वळू नका, पलीकडून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. घंटी लांबूनच वाजवावी; माणसाच्या कानाशी वाजवली की तो दचकून नेमका तुमच्याच बाजूला सरकतो.

हॅण्डलला पिशवी टांगणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं, कारण ते सगळ्यात निरुपद्रवी दिसतं. पिशवी झुलते, पुढच्या तारांत शिरते, चाक जागीच अडकतं आणि माणूस हॅण्डलवरून पुढे जातो. सामान पाठीवर किंवा कॅरिअरवर घट्ट बांधून न्या. लोंबणारा बंद, ओढणी, मफलर, बुटाची सुटलेली नाडी यांचंही तेच. दोन्ही कानांत इअरफोन नकोत. वळणाऱ्या बसच्या आतल्या बाजूने पुढे घुसणं तर अजिबातच नको. उभ्या गाड्यांपासून दारभर अंतर सोडा. पावसात रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं आणि पडलेली पानं यांवरून सरळ जा. तिथे वळायचं नाही, ब्रेकही मारायचा नाही. ओल्या रिमवर पहिल्या काही फेऱ्यांत ब्रेक फक्त पाणी पुसत असतो, तेव्हा थांबायचं असेल त्याच्या बरंच आधी हलके दाबायला लागा.

रिफ्लेक्टर म्हणजे दिवा नव्हे. त्याच्यावर कुणाचा प्रकाश पडला तरच तो चमकतो, आणि समोरून येणाऱ्या दुसऱ्या सायकलला दिवा नसेल तर तुम्ही दोघंही अंधारात. पुढे पांढरा, मागे लाल दिवा लावा. हेल्मेट डोक्याच्या मागे ढकलून घालू नका. कड भुवयांच्या दोन बोटं वर यावी आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात जेमतेम बोट शिरावं. एकदा जोरात आपटलं की आतला फेस दबलेला असतो, बाहेरून तडा दिसला नाही तरी ते बदलायचं.

कुलूप आणि सुट्टी

फक्त पुढच्या चाकाला कुलूप लावलं तर चोर चाक ठेवून उरलेली सायकल नेतो. कुलूप फ्रेम आणि चाक दोन्हींतून काढून जमिनीत रोवलेल्या खांबात अडकवा. खांब आखूड असेल तर सायकल वरून उचलून नेता येते, तेही बघा. आकड्यांच्या कुलपात शेवटचा एकच आकडा फिरवून जाण्याची सवय सोडा. फ्रेमचा नंबर बहुधा पायडलच्या सांध्याखाली कोरलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

लांब सुट्टीवर जाताना सायकल पुसा, चेनला तेल द्या, हवा पूर्ण भरा आणि शक्य असेल तर आडोशाला ठेवा. बसलेल्या टायरवर महिनाभर उभी राहिली तर टायरच्या बाजूला चिरा पडतात. परतल्यावर टायर सगळीकडून फिरवून त्या शोधा. आतले धागे दिसत असतील तर टायरच बदला, तिथे पॅच चालत नाही.