बोर, तरवड, बाभूळ उगवत नाही? या चुका टाळा

बांधावर लावायला गावरान बोर, तरवड, बाभूळ यांची रोपं करायला घेतली की तक्रार ठरलेली: बी खराब निघालं. बहुतेक वेळा बी चांगलंच असतं, उपाय चुकलेला असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक टणक बीला गरम पाणी. तरवड आणि बाभळीला ते चालतं, कारण तिथे बियांची सालच पाणी आत घेत नाही. पाणी उकळा, भांडं चुलीवरून उतरवा, मग बी टाका आणि रात्रभर निवू द्या. चुलीवरच ठेवलं तर बी शिजतं. सकाळी फुगलेलं बी पेरा, टणक राहिलेल्याला पुन्हा तेच करा. बी मूठभरच असेल तर पॉलिश पेपरवर एक कड घासली तरी भागतं, फक्त डोळ्याची बाजू, म्हणजे बी शेंगेला जिथे चिकटलेलं असतं ती, सोडा.

बोराचं तसं नाही. आठळीचं कवच जाड, आणि खरं बी त्याच्या आत, बहुधा दोन कप्प्यांत एकेक. गरम पाण्यानं हे कवच फुटत नाही. अख्खी आठळी पेरली तर तीन-चार आठवडे जातात, फोडून काढलेलं बी साधारण आठवड्यात वर येतं.

फोडण्याआधी चिकटलेला गर धुवा, नाहीतर बुरशी आणि मुंग्या लागतात. लिटरभर पाण्यात 170 ते 180 ग्रॅम मीठ विरघळवून आठळ्या सोडा. तरंगतील त्या पोकळ, फेकून द्या. तळाच्या आठळ्या साध्या पाण्यानं धुवा. हे बरेच जण विसरतात.

हातोडीचा दणका दिला की आतलं बी चेचतं. त्यापेक्षा घरातला सुपारीचा अडकित्ता बरा. आठळी आडवी धरून हळूहळू दाबा, कट् असा आवाज आला की थांबा. आत चपटं, तपकिरी, चकचकीत बी दिसेल. ते चिरलं असेल तर पेरू नका. फोडलेलं बी साठवायचं नसतं, आज पेराल तेवढंच फोडा.

पिशवीत नुसती काळी माती नको, ती चोपते आणि वाळली की भेगाळते. वाळू, कुजलेलं शेणखत मिसळा. पिशवी लांबोडी घ्या, बोराचं सोटमूळ झपाट्यानं खाली जातं आणि बुटक्या पिशवीत वळतं. पुढे या रोपावर उमराण या कलमी बोराच्या जातीचा डोळा भरायचा, म्हणजे तिची कळी सालीत बसवून कलम करायचं असेल तर पिशवीच्या भानगडीत न पडता खड्ड्यातच दोन-तीन बिया टाका आणि जोमदार रोप ठेवून बाकीची काढा.