पोटॅशियम वाढलंय? या चुका टाळा

किडनीच्या पेशंटला भेटायला जाताना लोक हमखास शहाळं नेतात. माया खरी असते, पण शहाळ्याच्या कपभर पाण्यात ४०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. शरीरातून बाहेर पडणाऱ्या पोटॅशियमपैकी सुमारे ९० टक्के किडनीवाटेच जातं. किडनी थकलेली असेल तर ते रक्तात साचतं आणि थेट हृदयाचे ठोके बिघडवतं, बऱ्याचदा काहीही त्रास न जाणवता.

एकादशीला तर जपायलाच हवं. साबुदाण्यात पोटॅशियम अगदी थोडं, पण खिचडीतला बटाटा आणि दाण्याचं कूट ती कसर भरून काढतात. वर रताळं, केळं, खजूर! बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळला की पोटॅशियम बरंच कमी होतं. मात्र ते पाणी फेकायचं. वाया कशाला घालवायचं म्हणून रश्शात ओतलं, तर सगळी मेहनत फुकट.

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती 'लो सोडियम' मिठाची. बीपीसाठी चांगलं म्हणून ते घरात येतं, पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. त्यातच टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी बीपी-हृदयाची एखादी गोळी चालू असेल, तर धोका आणखी वाढतो. पोटॅशियम बाहेर टाकायला किडनीला सांगणारं हार्मोन म्हणजे अल्डोस्टेरॉन, आणि या गोळ्या त्यालाच आवर घालतात. डॉक्टरांना न विचारता हे मीठ आणू नका, आणि गोळीही मनाने बंद करू नका.

रिपोर्टमध्येही फसगत होते. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात जेमतेम थोडंसं; रिपोर्टमध्ये ते साधारण ३.५ ते ५ (मिलिमोल प्रति लिटर) दिसतं. रक्त घेताना मूठ सारखी आवळली किंवा नळीत पेशी फुटल्या, तर आकडा उगाच चढतो. 'हिमोलाइज्ड' (म्हणजे पेशी फुटलेलं रक्त) असा शेरा दिसला की लगेच दुसरं सॅम्पल द्या. आकडा ६ च्या पुढे असेल तर मात्र घरी तर्क करत बसू नका, त्याच दिवशी ईसीजी काढा.

हॉस्पिटलात इन्सुलिन-ग्लुकोज दिल्यावर आकडा उतरतो, आणि घरच्यांना वाटतं, सुटलो. पण इन्सुलिन पोटॅशियमला फक्त पेशींच्या आत ढकलतं. ते शरीरातून गेलेलं नसतं, काही तासांत परत रक्तात येतं. म्हणून डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतात, तेव्हा ती टाळू नका.