चार दिवसांची सुट्टी, पदरात दीड दिवस: या चुका टाळा

रजेचा अर्ज भरताना आपण दिवस मोजतो, पण फिरायला गेल्यावर खर्च होतात ते तास. चार दिवस गेलो होतो म्हणणाऱ्याला विचारा, बॅग खाली ठेवून नुसतं हिंडायला किती वेळ मिळाला? उत्तर ऐकून त्याचं त्यालाच आश्चर्य वाटेल.

माझंच उदाहरण घ्या. गुरुवार ते रविवार, तीन गावं, प्लॅन अगदी देखणा. शुक्रवारी सकाळी साडेनऊला बॅग भरायला घेतली. अकराला चेक-आउट, मग स्टेशनवर पाऊण तास, मग तीन तासांची ट्रेन. नव्या हॉटेलात पोचेपर्यंत तीन वाजले, तोंड धुऊन बाहेर पडलो तेव्हा चार. एक चार्जर आधीच्या खोलीतच भिंतीला लटकत राहिला, तो शोधण्यात आणखी अर्धा तास. शनिवारी पुन्हा तीच कवायत. रविवार तर परतीचाच. घरी येऊन मांडणी केली, तर मोकळं फिरणं जेमतेम सोळा तास भरलं.

मुक्काम बदलत राहणं

तेव्हापासून माझा हिशेब ठरलेला आहे: हॉटेल बदललं की अर्धा दिवस गेला. चार-पाच रात्रीच असतील, तर एकच मुक्काम ठेवा आणि आसपासची ठिकाणं सकाळी जाऊन रात्री परत येण्यासारखी निवडा. दोन शहरं बघायचीच असतील, तर विमान एका शहरात उतरणारं आणि परतीचं दुसऱ्या शहरातून सुटणारं घ्या. केवळ घरी येण्यासाठी उलटं पहिल्या शहरात जाण्यात दिवस कशाला घालवायचा?

जोडसुट्ट्यांचं गणित अर्धवट करणं

सोमवार ते शुक्रवार पाच रजा टाकल्या, की दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस होतात. त्या आठवड्यात एक सार्वजनिक सुट्टी आली, तर तेच नऊ दिवस चार रजांत मिळतात. गुड फ्रायडे आणि ईस्टर मंडे या दोन्ही दिवशी सुट्टी असलेल्या देशांत तर आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यात चार-चार रजा टाकून सलग 16 दिवस निघतात. अडचण इतकीच, की हे गणित सगळ्यांनाच येतं आणि विमान कंपन्यांना सगळ्यांत आधी येतं.

मला स्वतःला बुधवारची सुट्टी आवडते. ती कुठल्याच शनिवार-रविवारला चिकटत नाही, म्हणून तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. गुरुवार-शुक्रवार रजा टाका, दोन रजांत पाच दिवस हातात येतात आणि गर्दीही त्या मानाने कमी असते.

अर्ज करण्याआधी आपल्या ऑफिसचे नियम मात्र वाचा. काही ठिकाणी 'सँडविच रजा' असते: शुक्रवारी आणि सोमवारी रजा घेतली, तर मधला शनिवार-रविवारही रजेतच धरतात. म्हणजे दोनाच्या चार झाल्या. यंदाची शिल्लक पुढच्या वर्षी नेता येते की वाया जाते, तेही तिथेच कळेल. आणि रजा मंजूर होण्याआधी रिफंड न मिळणारं तिकीट काढू नका. नकार आलाच, तर 'मग कधी घेऊ?' असं विचारण्यापेक्षा तारखांचे दोन पर्याय आणि आपलं काम कोण बघेल त्याचं नाव पुढे ठेवा. नुसत्या विनंतीपेक्षा त्यावर 'हो' म्हणणं साहेबांना सोपं जातं.

अंतर फक्त नकाशावर बघणं

जेट लॅग, म्हणजे लांबच्या विमानप्रवासानंतर झोप-भुकेच्या वेळांचा होणारा गोंधळ, उतरायला ढोबळमानाने एका टाइम झोनला एक दिवस लागतो. आपलं आतलं घड्याळ 24 तासांहून किंचित लांब चालतं. त्यामुळे दिवस लांबवणारा पश्चिमेचा प्रवास सोसतो, पूर्वेचा जास्त छळतो. सहा झोन ओलांडून पाच दिवसांसाठी जाल, तर अंगाला सवय होईपर्यंत परतीची वेळ येईल. रजा कमी असेल तर उत्तर-दक्षिण जा. विमानात तास तेवढेच गेले, तरी घड्याळ फारसं हलत नाही.

उंचीचंही तसंच आहे. पेरूमधलं कुस्को सुमारे 3,400 मीटरवर आहे. तिथे थेट उतरलात, तर पहिले एक-दोन दिवस जपूनच राहावं लागतं. अशी ठिकाणं तीन दिवसांच्या सहलीत कोंबायची नसतात.

बंदचे वार न बघणं

पॅरिसमधलं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तिथलंच ओर्से संग्रहालय सोमवारी. आठवडाभर राहणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही, पण दोन दिवसांसाठी आलेल्याची फेरी तिथेच फुकट जाते. पासपोर्टची तारीखही आत्ताच काढून बघा. शेंगेन देशांतून (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) निघाल्यावर पुढे किमान तीन महिने तो वैध असावा लागतो, तर अनेक देश सहा महिने मागतात.

लॅपटॉप बरोबर नेणं

यावर लांबण लावत नाही. नेला की उघडला जातो. निघण्याच्या दोन दिवस आधी काम लेखी सोपवा आणि ऑटो-रिप्लायमध्ये परतण्याची तारीख प्रत्यक्षापेक्षा एक दिवस पुढची टाका.

आणि तरीही दिवस बुडाला तर?

विमान लांबलं, पाऊस आला, पोट बिघडलं. अशा वेळी उरलेल्या दोन दिवसांत तीन दिवसांचा कार्यक्रम बसवायचा मोह होतो. बसवू नका. एक ठिकाण अख्खं काढून टाका. कुठलं काढायचं हे तिथे भांडत ठरवावं लागू नये म्हणून मी घरूनच यादीत चुकवायची नाहीत अशा दोन नावांखाली रेघ मारून निघतो. ही दोन पहिल्या पूर्ण दिवशीच उरकायची, शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवायची नाहीत. बाकीची यादी गळाली तर गळाली.