हिरड्याची काळी शाई घरी कशी करायची

मागच्या वर्षी मी हिरडे थेट लोखंडी कढईत उकळले, पाणी चढतं न चढतं तोच काळंभोर, आणि आई जी ओरडली ना! पण केमिस्ट्री तिथेच कळली. हिरड्याच्या सालीत टॅनिन (तुरट चव देणारं द्रव्य) भरपूर, पाण्यात उकळलं की त्यातलं थोडं फुटून गॅलिक अॅसिड (C₇H₆O₅) सुटतं. त्याच्या रेणूतल्या कार्बनच्या रिंगवर शेजारी शेजारी तीन ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात, ते लोखंडाला घट्ट धरतात आणि रंग काळा होतो. हे अॅसिड शेले नावाच्या केमिस्टने 1786 मध्ये वेगळं काढलं होतं.

तर भांडं स्टीलचंच घ्या. हिरडे आपल्या जळगाव-धुळ्यात जडीबुटीच्या दुकानात मिळतातच, सातपुड्यातही झाडं आहेत. बिया काढून 50 ग्रॅम साल कुटा, 300 मिली पाण्यात मंद आचेवर अर्धा तास उकळा, फडक्याने गाळा. गार झालं की 15 ग्रॅम हिराकस टाका (म्हणजे फेरस सल्फेट, पोटात गेलं तर विषारी, पोरांपासून लांब ठेवा), मग भिजवलेला बाभळीचा डिंक 10 ग्रॅम, तो नसला तर शाई कागदावर पसरते.

लिहिताना शाई जरा फिकी दिसेल, घाबरू नका, हवेतल्या ऑक्सिजनने हिराकसातलं लोखंड फेरस रूपातून फेरिक रूपात जातं तसं अक्षर गडद होत जातं. फाउंटन पेनात मात्र भरू नका, गाळ बसून निब जाम होते, बोरूनेच लिहा.

हिरडे नसले तर बाभळीच्या शेंगाही चालतात, त्यातही टॅनिन असतं.