प्रोजेक्टर घेताय? आधी खोली मोजा आणि या चुका टाळा

दिवाळीचे सेल संपले की आठवड्याभरात मला फोन यायला लागतात. "दादा, प्रोजेक्टर घेतलाय, चित्र फिकं दिसतंय." "दादा, चौकोन वाकडा येतोय." "दादा, चित्र भिंतीबाहेर जातंय, लहान कसं करू?" सगळ्यांची सुरुवात 'घेतलाय'पासून. 'घ्यायचा विचार आहे' म्हणत खोलीचं माप घेऊन विचारणारा क्वचितच भेटतो. तो भेटला की मला मनापासून आनंद होतो, कारण त्याचे पैसे वाचणार असतात.

घरी प्रोजेक्टरवर सिनेमे बघायला लागून मला ११ वर्षं झाली. पहिला लॅम्पचा होता, आता लेझरचा आहे. मधल्या काळात नातेवाइकांकडे, मित्रांकडे बरेच बसवून दिले, आणि त्याहून जास्त ठिकाणी बिघडलेलं निस्तरायला गेलो. टीव्ही खोक्यातून काढून भिंतीला लावला की काम झालं. प्रोजेक्टरच्या बाबतीत निम्मं यंत्र म्हणजे तुमची खोलीच असते: भिंत, छत, पंखा, खिडकी, सगळं त्यात आलं. आधी खोली, मग पडद्याचा आकार, मग प्रोजेक्टर आणि सगळ्यात शेवटी ड्रिल. हा क्रम उलटा केला की पुढच्या बहुतेक चुका आपोआप होतात.

आधी ब्रॅकेट, मग प्रोजेक्टर

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे आणि दर वेळी जिवाला लागते, कारण खर्च झालेला असतो, छत रंगवलेलं असतं आणि घरच्यांचा उत्साह शिगेला असतो.

सांगलीला माझ्या चुलतभावानं घर बांधलं. हॉल १६ फूट लांब, ११ फूट रुंद. पीओपीचं काम चालू असतानाच त्यानं मिस्त्रीला सांगून मागच्या बाजूला, पडद्याच्या भिंतीपासून १४ फुटांवर ब्रॅकेट ठोकून घेतलं. मध्ये पंखा येतो म्हणून एक फूट डावीकडे. प्रोजेक्टर घेतला त्यानंतर दोन महिन्यांनी. वास्तुशांतीच्या संध्याकाळी पाहुणे जमलेले, पोरं सतरंजीवर बसलेली, प्रोजेक्टर चालू केला आणि चित्र भिंतीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर गेलं. एका कडेला दारावर, दुसऱ्या कडेला खिडकीच्या पडद्यावर.

कारण साधं आहे. त्याच्या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो १.२ होता. म्हणजे चित्राच्या रुंदीच्या १.२ पट अंतर लागतं. १४ फुटांना १.२ नं भागा, चित्राची रुंदी आली ११ फूट ८ इंच. भिंत ११ फुटांची. लेन्सला झूम नव्हताच. मग त्यानं घाईघाईत मेनूमध्ये जाऊन डिजिटल झूमनं चित्र १०० इंचांवर (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरपं मोजून) आणलं आणि बाजूचा वाकडेपणा कीस्टोननं, म्हणजे वाकडा चौकोन सरळ करायच्या मेनूतल्या सोयीनं, सरळ केला.

मी महिन्याभरानं गेलो. सिनेमा लावून दाखवला त्यानं. सबटायटलच्या अक्षरांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या. क्रिकेट लावलं तर वेगवान गोलंदाजाच्या हातातून सुटलेला चेंडू दिसेनासा. आणि चित्राभोवती भिंतीवर राखाडी उजेडाची एक रुंद, तिरपी चौकट. मी विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "ते असतंच की. चौकोन तर सरळ आलाय."

ती चौकट म्हणजेच त्यानं विकत घेतलेलं आणि वाया घालवलेलं चित्र होतं. फुल एचडी पॅनेलवर, म्हणजे यंत्राच्या आत चित्र तयार करणाऱ्या भागावर, आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, एकूण वीस लाखांवर. ११ फूट ८ इंच रुंद, म्हणजे तिरपं १६० इंचांचं चित्र झूमनं १०० इंचांवर आणलं की आडवे जेमतेम १२०० उरतात. दोन्ही बाजूंनी हिशेब केला तर २० लाखांतले ८ लाख. उजेडही त्याच प्रमाणात गेला, कारण उरलेल्या ठिपक्यांवरचा प्रकाश पॅनेल अडवतं. पूर्ण अडवू शकत नाही म्हणून ती राखाडी चौकट. त्यावर कीस्टोन. कीस्टोन लेन्सला सरळ करत नाही. पॅनेलवरचं चित्रच आधी उलट्या बाजूनं वाकडं काढतो, म्हणजे भिंतीवर ते सरळ पडल्यासारखं दिसतं. त्यातही ठिपके जातातच.

शेवटी ब्रॅकेट काढलं. १०० इंची पडदा ७ फूट ३ इंच रुंद असतो. त्याला १.२ नं गुणलं की पावणेनऊ फूट येतात. तिथे, बरोबर मध्यावर, पीओपी फोडून थेट स्लॅबमध्ये अँकर फास्टनर मारले. नुसत्या पीओपीत स्क्रू मारला की पंखा चालू झाल्यावर चित्र थरथरतं. पंखा आता लेन्सच्या पुढ्यात येत होता, म्हणून दोन फुटांचा पाइप घेऊन प्रोजेक्टर पात्यांच्या पातळीखाली टांगला. छत १० फुटांचं असल्यानं जमलं. पाती उजेडाच्या वाटेत आली तर पडद्यावर सतत पिसारा हलल्यासारखी सावली पडते आणि अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं. कीस्टोन शून्य केला, फोकस मारला. भाऊ काही बोलला नाही, पडद्याजवळ जाऊन सबटायटलच्या अक्षरांवरून नुसता हात फिरवत राहिला. जुन्या भोकांवरचा पीओपीचा डाग आजही वेगळा दिसतो.

माझी पद्धत सांगतो. खरेदीच्या आधी भिंतीवर मास्किंग टेपनं १०० इंचांचा चौकोन काढायचा, ७ फूट ३ इंच बाय ४ फूट १ इंच. खालची कड सोफ्यावर बसल्यावर साधारण डोळ्यांच्या पातळीला. तो आठवडाभर तसाच ठेवायचा आणि रोज समोर बसायचं. १० फुटांवरून १०० इंच भरपूर वाटतं. ७ फुटांवरून मान फिरवावी लागते. मग प्रोजेक्टर आणायचा आणि पहिला महिनाभर स्टुलावर, खाली पुस्तकांची चळत लावून चालवायचा. घरचे कुरकुरतात, वायर पायात येते, पण त्या महिन्यात अंतर, उंची, आवाज, गरम हवा कुणाच्या तोंडावर येते, सगळं कळतं. त्यानंतरच ड्रिल. हा महिना थांबायची तयारी नसेल तर टीव्ही घ्या, तो खरोखर चांगला पर्याय आहे.

हल्लीच्या यंत्रांत ऑटो कीस्टोन, ऑटो फिट (चित्र आपोआप पडद्यात बसवणं) असतं आणि दुकानात तेच आधी दाखवतात. गच्चीवर, गावाला उचलून न्यायचा छोटा प्रोजेक्टर असेल तर ठीक. छताला कायमचा टांगलेला असेल तर ते बंद ठेवा. जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर लेन्स शिफ्टला द्या. त्यात काच सरकते, ठिपका एकही जात नाही.

लुमेनच्या मागे धावणं

खोक्यावर १५,००० लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) लिहिलेलं आणि किंमत १० हजार, अशा जाहिराती रोज दिसतात. 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' (मोजणीच्या ठरलेल्या पद्धतींची नावं) हा शब्द पुढे नसेल तर तो आकडा विसरून जा. एएनएसआयच्या मोजणीत पांढऱ्या पडद्याचे ९ भाग करून प्रत्येकाच्या मध्यावर उजेड मोजतात आणि सरासरी काढतात. साधा 'लुमेन' कुणी कसा मोजला याला काही धरबंध नाही.

आणि मुळात किती लागतो? आजच्या डिजिटल सिनेमागृहातल्या पडद्यासाठी १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे साध्या मॅट पडद्याच्या दर चौरस फुटाला १४ लुमेन, हे प्रमाण आहे. १०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ ३० चौरस फुटांच्या आत. साधा मॅट पडदा असेल तर गुणाकार करून ५०० लुमेनच्या आतच काम भागतं. अट एकच, खोली खरोखर अंधारी हवी. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, तो फक्त उजेड टाकायचा थांबतो. प्रोजेक्टर बंद ठेवून, खोलीत नेहमीसारखा उजेड ठेवून पडद्याकडे बघा. जो रंग दिसतो, तोच तुमच्या सिनेमातला सगळ्यात गडद काळा. म्हणून मी सांगतो, दुप्पट लुमेनच्या मॉडेलवर २० हजार जास्त घालवण्याआधी खिडक्यांना ब्लॅकआउट पडदे लावा आणि पडद्यालगतच्या भिंती आणि छताचा पुढचा भाग गडद, मॅट रंगात रंगवा. पांढरं चकचकीत छत पडद्यावरचा उजेड परत पडद्यावरच टाकतं आणि चित्र धुऊन काढतं. वहिनींना हॉलमध्ये गडद रंग नको असतो, हे मला माहीत आहे. गडद कापडाचा सरकता पडदा लावा, सिनेमाच्या वेळी ओढा.

पावसाळा, धूळ आणि फोडणी

परदेशी व्हिडिओ बघून प्रोजेक्टर सांभाळायला शिकलेल्यांना हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा पहिला प्रोजेक्टर मी एका मे महिन्यात देवगडकडे गावच्या घरी नेला होता. अंगणात चादर बांधून भाचरांना सिनेमे दाखवले. परत येताना गाडीत जागा नव्हती म्हणून तो त्याच्या फोमच्या बॅगेत घालून, चेन लावून, लाकडी कपाटात ठेवला. काढला थेट गणपतीत. चालू केला तर चित्र धुक्यातून बघितल्यासारखं. पांढऱ्या अक्षरांभोवती दुधाळ वलय. लेन्स पुसली, फरक नाही. मग टॉर्च तिरपा धरून बघितलं तर पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू पसरलेले. बुरशी. आई बघून म्हणाली, "अरे, कपाटातल्या चपलांका बुरशी येता, मगे काचेक येवची नाय?"

दुरुस्तीवाल्यानं लेन्स उघडून साफ केली, पण बुरशीनं काचेवरचं कोटिंग खाल्लं होतं. ते वलय शेवटपर्यंत पूर्ण गेलं नाही. ती चूक माझी होती, आणि ती इतकी सहज टाळता आली असती की आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तरी तासभर प्रोजेक्टर चालवतोच, बघायला वेळ नसला तरी. आतली ऊब ओलावा घालवते. ठेवायचाच असेल तर फोमच्या बॅगेत कधीही नाही. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. जेलचा रंग बदलला की पुडी बदलायची. कोकणात आणि मुंबईत हे सक्तीचं समजा.

दुसरी गोष्ट, हॉलला लागून उघडं स्वयंपाकघर. एका मित्राचं चित्र वर्षभरात मंदावलं आणि यंत्र मधूनच तापून बंद पडायला लागलं. लॅम्प गेला समजून तो नवा मागवणार होता. मी फिल्टर ओढून बाहेर काढला. तपकिरी, चिकट गोधडीच झाली होती त्याची, आणि वास चक्क फोडणीचा. तेलाची वाफ, उदबत्तीचा धूर आणि धूळ. फिल्टर बदलला, यंत्र सुरळीत चालू लागलं. थ्री-एलसीडी (तीन रंगांसाठी तीन पॅनेल असलेल्या) यंत्रात फिल्टरकडे दुर्लक्ष केलं तर धूळ आत पॅनेलपर्यंत जाते आणि गडद दृश्यांत रंगीत, धूसर ठिपका दिसायला लागतो. तो बाहेरून पुसून जात नाही. मी दर दोन महिन्यांनी मऊ ब्रशनं फिल्टर झाडतो आणि यंत्राच्या पाठीला चिकटवलेल्या कागदावर तारीख लिहितो. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरनं फुंकर मारून घेऊ नका, धूळ आणखी आत जाते. लेन्स ओढणीनं किंवा पंचानं पुसू नका.

भिंतीवरचं बटण बंद करणं

सिनेमा संपला, झोप आलीय, फट्कन बटण बंद. लॅम्पच्या यंत्रात हे करू नका. त्या दिव्यात पारा असतो आणि चालू असताना आतला दाब वातावरणाच्या सुमारे २०० पट जातो. रिमोटनं बंद केल्यावर पंखा एक-दोन मिनिटं फिरतो तो त्याला थंड करायला. तो थांबेपर्यंत थांबा. वीज वारंवार जात असेल तर छोटा यूपीएस लावा. सिनेमा पूर्ण बघायला नसला तरी नीट बंद करायला पुरतो. दिवा फुटलाच तर मुलांना बाहेर काढा आणि खिडक्या उघडा.

बाकीच्या, थोडक्यात

'४के सपोर्टेड' म्हणजे ४के नव्हे. ते यंत्र ४के सिग्नल फक्त घेतं, दाखवतं पॅनेलइतकंच. 'नेटिव्ह रिझोल्यूशन (पॅनेलवरचे खरे ठिपके) किती?' एवढंच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

एचडीएमआय केबल भिंतीत थेट गाडू नका. दीड इंची पाइप टाका, आत ओढायला दोरा ठेवा. ४के आणि लांब अंतर असेल तर फायबरची केबल घ्या. तिचं एक टोक प्लेअरचं, दुसरं प्रोजेक्टरचं असतं, उलटं ओढलंत तर पुन्हा ओढावं लागेल.

मान्यता नसलेल्या अँड्रॉइड प्रोजेक्टरवर नेटफ्लिक्स एकतर चालत नाही किंवा धूसर दिसतं. वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावा.

ब्लूटूथ स्पीकरवर बहुतेकदा ओठ आणि आवाज जुळत नाहीत. वायर ओढा.

चकचकीत रंगाच्या भिंतीवर मधोमध उजेडाचा गोळा दिसतो. पडद्याला पैसे नसतील तर मॅट पांढरा रंग द्या, आधी पुट्टी घासून घ्या.

'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड दुकानासाठी असतो. घरी सिनेमा मोड लावा आणि दोन दिवस कळ काढा, डोळे सरावतात.

डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवर चालणारं) यंत्र घेण्याआधी घरातल्या सगळ्यांना अर्धा तास दाखवा. काहींना त्यात पांढऱ्या वस्तूंच्या कडेला क्षणभर इंद्रधनुष्य दिसतं आणि एकदा दिसायला लागलं की दिसतच राहतं.

कुणाचाही सल्ला घ्याल तेव्हा मॉडेलचं नाव नंतर सांगा. आधी खोलीची लांबी, रुंदी, उंची, पंखा कुठे आहे, खिडकी कोणत्या दिशेला आहे आणि सोफा भिंतीपासून किती फुटांवर आहे, हे कागदावर काढून त्याच्यासमोर ठेवा.