नागपुरात वॅक्स मर्टल लावायचं तर आधी बीवरचं मेण काढा

वॅक्स मर्टल मूळचं अमेरिकेच्या आग्नेय भागातलं. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणाऱ्या कायफळाच्याच कुळातलं हे सदाहरित झुडूप. पान चुरडलं की सुगंध येतो, आणि तीन-चार मिलिमीटरच्या करड्या-निळसर फळांवर मेणाचा थर असतो. बी रुजत नाही त्याचं पहिलं कारण हाच थर, कारण तो पाणी आत शिरू देत नाही.

फळं जाड वाळूसोबत चाळणीवर जोर लावून घासा. मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून धुवा आणि साबण निघेपर्यंत खळबळून घ्या. बोटाला चिकटपणा लागला तर पुन्हा घासा. उकळतं पाणी नको, बी मरतं. स्वच्छ झालेलं बी ओलसर वाळूत मिसळून पिशवीत भरा आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात 90 दिवस ठेवा. ऑगस्टच्या सुरुवातीला ठेवलं तर पेरणी नोव्हेंबरात येते आणि रोपांना उन्हाळ्याआधी चार महिने मिळतात. पेरणी अर्धा सेंटिमीटरच खोल करा.

खरी अडचण मातीची आहे. या झुडपाला आम्लधर्मी माती लागते आणि आपली काळी माती चुनखडीची. त्यात लोह असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. संत्रा बागायतदारांना हे चित्र चांगलं ओळखीचं आहे. म्हणून कुंडीतच लावा: दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग धुतलेली वाळू. पावसाचं पाणी साठवून तेच द्या. बोअरच्या पाण्याने हळूहळू चुना साचतो. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी तर अजिबात नको. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. पिवळेपणा आलाच तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) पाकिटावरच्या मात्रेत मातीत द्या. ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोह चुनखडीत टिकत नाही. युरिया टाकू नका, सुरूच्या झाडाप्रमाणे याच्याही मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र बांधतात.

नर-मादी झाडं वेगळी असतात आणि फुलं येईपर्यंत ओळखता येत नाहीत. म्हणून निदान सहा रोपं जगवा. परागकण वाऱ्याने जातात, तेव्हा कुंड्या जवळजवळ असाव्यात. मार्च ते जून हिरवी जाळी, सकाळ-संध्याकाळ पाणी. पानांतलं तेल पेट घेतं, त्यामुळे कुंड्या चुलीपासून आणि कचरा जाळण्याच्या जागेपासून लांब ठेवा.

फळं आली की पाण्यात मंद उकळा. मेण वर तरंगतं. फडक्यातून गाळून थंड होऊ द्या, वर वडी जमते. फळांच्या वजनाच्या पाव हिस्सा मेण निघालं तरी खूप झालं. हे मेण साधारण 45 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात त्याची मेणबत्ती फ्रीजबाहेर ठेवलीत तर ती वाकणारच.